पार्सल कुठे आहे?

बोरिवलीतल्या एखाद्या सोसायटीत सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजते. दारात कुरिअरवाला उभा असतो. हातात थर्माकोलचा छोटा डबा, त्यात बर्फाच्या दोन पिशव्या आणि त्यांच्या मध्ये इन्सुलिनच्या पेनांचे खोके. घरातले आजोबा मोबाइलवर आलेला चार आकडी क्रमांक वाचून दाखवतात, कुरिअरवाला तो आपल्या फोनमध्ये घालतो आणि पुढच्या इमारतीकडे निघतो. डबा उघडून खोके फ्रिजमध्ये ठेवले, की घरच्यांच्या दृष्टीने विषय संपतो.

त्या खोक्याचा प्रवास मात्र बराच लांबचा असतो. कारखाना, भिवंडीचे गोदाम, रात्रीचा ट्रक, अंधेरीचे वर्गीकरण केंद्र, पहाटेचा टेम्पो, बोरिवलीची शाखा आणि शेवटी कुरिअरवाल्याची बॅग. प्रत्येक ठिकाणी डब्यावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर यंत्राचा लाल प्रकाश पडतो आणि एक नोंद होते: हा डबा अमुक वाजता इथे आला, आता तिकडे निघाला. या नोंदी जिथे साठतात ती जागा रुग्णाला कधी दिसत नाही. ती असते एक थंड, गोंगाटाची, कुलूपबंद खोली. तिला डेटा सेंटर म्हणतात. मालवाहतुकीच्या कंपन्या वाढत आहेत, त्यांच्यामागच्या या खोल्याही बदलाव्या लागत आहेत. आरोग्याच्या पानावर हा विषय येण्याचे कारण साधे आहे. ही खोली बंद पडली तर औषध कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

औषधाला घड्याळ असते

पुस्तक चार दिवस उशिरा आले तर चिडचिड होते, पण पुस्तक बिघडत नाही. औषधांचे तसे नाही. बहुतेक लशी आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. उष्णतेने त्यांची ताकद कमी होते, हे अनेकांना माहीत असते. गोठल्यानेही त्या बिघडतात, हे कमी जणांना ठाऊक असते. हिपॅटायटिस-बी किंवा पेंटाव्हॅलंटसारखी लस एकदा गोठली, की पुन्हा वितळवून उपयोग नाही. इन्सुलिनचेही तेच. दिसायला ते पूर्वीसारखेच दिसू शकते, पण इंजेक्शन घेऊनही साखर उतरत नाही.

म्हणून ‘शीतसाखळी’ ही फ्रिजांची साखळी आहे, तशी ती नोंदींचीही साखळी आहे. फ्रिज चालू होता, हे कोणीतरी लिहून ठेवावे लागते. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात दरवर्षी सुमारे २ कोटी ६७ लाख नवजात बालके आणि २ कोटी ९० लाख गर्भवती महिलांचा विचार करावा लागतो. पूर्वी प्रत्येक केंद्रावर थर्मामीटर पाहून वहीत आकडा लिहिला जाई. २०१५ पासून ‘ई-विन’ ही संगणकीय व्यवस्था टप्प्याटप्प्याने आली. त्यात लशींचा साठा आणि शीतपेटीचे तापमान या दोन्ही गोष्टी दुरून दिसतात. कुठे साठा संपत आला, कुठे फ्रिज बंद पडला, हे जिल्ह्याच्या ठिकाणी कळते.

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे पुण्याजवळच्या मांजरीहून कोविशिल्डचे पहिले ट्रक पुणे विमानतळाकडे निघाले. त्या दिवशी देशातल्या १३ शहरांकडे ५६ लाखांहून अधिक मात्रा रवाना झाल्या. मुंबई महापालिकेने लशी साठवण्यासाठी कांजूरमार्गला शीतगृह तयार केले होते. त्या ट्रकांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्यांच्यामागे चालणारा नोंदींचा कारभार कोणाला दिसला नाही. तो दिसला २८ एप्रिलला, १८ वर्षांवरील सर्वांची नोंदणी ‘कोविन’वर सुरू झाली तेव्हा. संध्याकाळी चार वाजता दार उघडताच मिनिटाला सुमारे २७ लाख मागण्या येऊन आदळल्या आणि सुरुवातीला अनेकांचे पडदे गोठले. तरीही पहिल्या तीन तासांत ८० लाखांवर लोकांची नोंद झाली. संगणकाची क्षमता हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असू शकतो, हे त्या संध्याकाळी घराघरांत कळले.

रांग का वाढते?

मुंबईची उपनगरे हे मालवाहतुकीचे जुने ठाणे आहे. विमानतळ इथे, दोन्ही द्रुतगती मार्ग इथे, भिवंडीची गोदामे हाकेच्या अंतरावर. ब्लू डार्ट ही कुरिअर कंपनी १९८३ साली मुंबईत सुरू झाली. आज तिची स्वतःची मालवाहू विमाने आहेत आणि मुख्यालय अंधेरी पूर्वेला, सहार विमानतळ रस्त्यावर आहे. अशा मोठ्या कंपन्यांच्या खांद्याला खांदा लावून मरोळ, साकीनाका, घाटकोपर, मुलुंड भागांत लहान-मध्यम वाहतूकदार उभे राहिले. त्यांतले बरेच जण औषधे, रक्ताचे नमुने, डायलिसिसचे सामान, ऑपरेशनची उपकरणे यांची ने-आण करतात.

अशी कंपनी लहान असताना तिचे संगणक ऑफिसच्याच एका कोपऱ्यातल्या खोलीत असतात. दोन सर्व्हर, एक खिडकीतला एसी, खाली बॅटऱ्या. समजा, दिवसाला पाच हजार पार्सले जातात आणि प्रत्येकाच्या दहा नोंदी होतात. म्हणजे पन्नास हजार नोंदी. धंदा वाढून दिवसाला एक लाख पार्सले झाली, तर नोंदी दहा लाखांवर जातात. शिवाय त्या दिवसभर सारख्या येत नाहीत. रात्री ट्रक गोदामाला लागतात, पहाटे टेम्पो निघतात, त्या वेळी एकदम लोंढा येतो.

सरकारी रुग्णालयातली केसपेपरची खिडकी डोळ्यांपुढे आणली, तर पुढचे समजायला सोपे जाते. कारकून तासाला चाळीस केसपेपर काढू शकत असेल आणि तासाला तीसच रुग्ण येत असतील, तर रांग बेताची राहते. अडतीस येऊ लागले, की ती दारापर्यंत जाते. बेचाळीस आले, तर ती संपतच नाही. रांगांच्या साध्या गणितानुसार, खिडकी ऐंशी टक्के व्यग्र असताना सरासरी चार माणसे तिच्यापाशी असतील, तर पंचाण्णव टक्क्यांवर ती संख्या एकोणीसवर जाते. काम जेमतेम एकोणीस टक्क्यांनी वाढते आणि रांग जवळपास पाचपट होते. संगणकाचेही असेच होते. ‘कालपर्यंत नीट चालत होते, आज अचानक काय झाले?’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा इथे असते. अचानक काही झालेले नसते. कट्टा भरत आलेला असतो.

ताप उतरवण्याची यंत्रणा

डेटा सेंटरची मूळ अडचण माणसाच्या शरीराला परिचित आहे: उष्णता. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी जवळपास सगळी उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकतो. सर्व्हरांनी भरलेले एक लोखंडी कपाट पाच ते दहा किलोवॉट वीज सहज घेते. घरातला दीड टनाचा एसी साधारण पाच किलोवॉट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे एका कपाटासाठी असे एक-दोन एसी, तेही चोवीस तास. अशी दहा कपाटे एका खोलीत असली आणि एसी बंद पडले, तर काही मिनिटांतच खोली तापते आणि यंत्रे स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बंद होऊ लागतात.

म्हणून आधुनिकीकरणाची सुरुवात नवे संगणक आणण्याने होत नाही, हवा खेळवण्याने होते. कपाटांची तोंडे एका बाजूला, पाठी दुसऱ्या बाजूला अशी रचना करतात. तोंडांकडून थंड हवा आत जाते, पाठीमागून गरम हवा बाहेर पडते आणि दोन्ही एकमेकींत मिसळू नयेत म्हणून मध्ये पडदा किंवा भिंत असते. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंशांची हवा पुरेशी मानली जाते. जुन्या खोल्यांत दोन्ही हवा एकत्र होतात, म्हणून एसी उगाचच १६ वर लावून ठेवावा लागतो आणि वीजबिल फुगते.

दुसरा भाग विजेचा. वीज गेली, की बॅटऱ्या म्हणजे यूपीएस क्षणात भार उचलतात. त्या साधारण दहा-पंधरा मिनिटे पुरतात. तेवढ्यात डिझेल जनरेटर सुरू व्हायला हवा. जनरेटर सुरू झाला आणि एसीला मात्र त्याची जोडणी नसली, तर सर्व्हर चालू राहतील आणि तापून बंद पडतील. अशी चूक कागदावर कोणाला दिसत नाही. ती वीज गेल्यावरच दिसते.

किती तास बंद चालेल, याचाही हिशेब करावा लागतो. ९९.९ टक्के वेळ चालू राहणारी यंत्रणा ऐकायला उत्तम वाटते. वर्षाचे ८,७६० तास धरले, तर ती पावणेनऊ तास बंद राहू शकते. ९९.९९ टक्के म्हटले, तर सुमारे ५३ मिनिटे. कपड्यांच्या पार्सलांना पहिला आकडा चालेल. रक्तपेढीच्या पिशव्या किंवा कर्करोगाची औषधे नेणाऱ्या कंपनीला हे पावणेनऊ तास नेमके कधी येतील, याची चिंता करावीच लागते.

मुंबईने दिलेले दोन धडे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या दिवशी तळघरांत आणि तळमजल्यांवर ठेवलेली विजेची यंत्रे पाण्याखाली गेली. जड वस्तू खाली ठेवायची, ही आपली सवय. जनरेटर, विजेचे पॅनेल, बॅटऱ्या सगळे खाली. मुंबईत ही सवय महागात पडते. आज नव्या केंद्रांत ही यंत्रे वरच्या मजल्यांवर किंवा उंच जोत्यावर बसवतात.

दुसरा धडा १२ ऑक्टोबर २०२० चा. करोनाची साथ सुरू होती. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. बहुतेक भागांत काही तासांत वीज आली, पण काही उपनगरांना बराच वेळ लागला. त्या संध्याकाळी मुलुंडच्या एका खासगी रुग्णालयात जनरेटरला आग लागली. चाळीसच्या आसपास रुग्णांना दुसऱ्या रुग्णालयांत हलवावे लागले आणि त्यांतल्या एकाचा मृत्यू झाला.

ही घटना रुग्णालयाची असली, तरी तिचा धडा प्रत्येक जनरेटरला लागू आहे. महिन्यातून एकदा पाच मिनिटे रिकामा चालवलेला जनरेटर ‘चालू’ असतो. पूर्ण भार घेऊन आठ तास तो टिकेल का, हा वेगळा प्रश्न आहे. बसून घेतलेला ईसीजी आणि जिना चढताना छातीत येणारी कळ यांत जो फरक, तोच इथे. चाचणी भाराखालीच करावी लागते.

दहा दिवस आणि एक सर्व्हर

मालवाहतूक कंपनीचे संगणक बंद पडले तर काय होते, याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण मुंबईच्या दारापर्यंत आले होते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून पसरला. जगाच्या कंटेनर वाहतुकीचा सुमारे पाचवा हिस्सा सांभाळणाऱ्या डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीचे संगणक काही तासांत काळे पडले. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातले त्याच समूहाचे टर्मिनलही त्यात सापडले आणि तिथे कंटेनरांची कामे हाताने करण्याची वेळ आली.

मर्स्ककडे यादीचे सर्व्हर, म्हणजे कोण कर्मचारी, कोणाला काय अधिकार हे सांगणारे यंत्र, जगभर दीडशेच्या आसपास होते. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. पण ते सगळे एकमेकांशी सतत जुळवून घेत. एकाला लागलेला रोग सगळ्यांना झाला. अखेर आफ्रिकेतल्या घानामधला एक सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, म्हणून तो जोडणीतून सुटला होता! घानातल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. त्यामुळे एक जण ती डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथल्या विमानतळावर ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि तो लंडनला निघाला. जगातली मोठी वाहतूक कंपनी एका हातपार्सलावर पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवण्यात आले. कंपनीचे नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर इतके झाले.

याच हल्ल्यात मर्क ही औषध कंपनीही सापडली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून संरक्षण देणाऱ्या एचपीव्ही लशीचे उत्पादन विस्कळीत झाले आणि अमेरिकेच्या सरकारी राखीव साठ्यातून मात्रा उसन्या घ्याव्या लागल्या. संगणकातला रोग आणि माणसातला रोग यांच्यातले अंतर किती कमी आहे, ते इथे दिसते.

जोडीला दुसरे यंत्र असणे आणि वेगळी प्रत असणे, या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आपल्याला दोन मूत्रपिंडे असतात. एकाला मार लागला तर दुसरे काम सांभाळते. पण मधुमेह दोन्हींना एकाच वेळी पोखरतो. म्हणून जाणकार सांगतात: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. त्यात एक प्रत जाळ्यापासून पूर्ण तुटलेली हवी. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एक पाच मजली डेटा सेंटर जळाले. ज्या ग्राहकांच्या प्रती त्याच आवारात होत्या, त्यांच्यापैकी काहींच्या हाती काहीच उरले नाही. अंधेरीच्या सर्व्हरची प्रत अंधेरीतच, शेजारच्या मजल्यावर ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

शस्त्रक्रियेचाही धोका असतो

मग जुने काढून नवे बसवले, की झाले का? बदलाची प्रक्रिया हीच मोठी जोखीम असते. दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात २६ सप्टेंबर २०२५ रोजी सरकारी डेटा सेंटरमध्ये दहा वर्षांची शिफारस केलेली मुदत ओलांडलेल्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू होते. त्या वेळी आग लागली. सहाशेहून अधिक सरकारी सेवा थांबल्या. त्यांत टपाल खात्याची पार्सलसेवाही होती, तीही चुसोक या मोठ्या सणाच्या तोंडावर. सरकारी कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती कायमची गेली, कारण तिचा आकार मोठा म्हणून दुसरी प्रतच ठेवली नव्हती. सुधारणा करताना झालेला हा अपघात होता.

आपल्याकडचे उदाहरण भारतीय टपाल खात्याचे. सुमारे १ लाख ६५ हजार कार्यालयांचे हे जाळे म्हणजे देशातली सर्वांत जुनी वाहतूक व्यवस्था. काही राज्यांत क्षयरोग्यांच्या थुंकीचे नमुनेही टपालानेच प्रयोगशाळेत जातात. खात्याने स्वतः तयार केलेली नवी संगणकप्रणाली आधी कर्नाटकात तपासून पाहिली, मग एकेक विभाग जोडत ऑगस्ट २०२५ च्या सुरुवातीला देशभर नेली. साडेचार लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. तरी पहिल्या दिवसांत अनेक ठिकाणी रांगा लागल्या. ९ ऑगस्टची राखीपौर्णिमा तोंडावर होती. मात्र एका दिवसात ३२ लाख वस्तूंची नोंदणी आणि ३७ लाखांचे वाटप झाल्याची नोंद आहे. टप्प्याने जाणे, माणसांना शिकवणे आणि सणासुदीचे दिवस टाळणे या तीन गोष्टींपैकी पहिल्या दोन साधल्या, तिसरी राहिली, असे म्हणता येईल.

खोलीतली आणि दारातली माणसे

या साऱ्यात काम करणाऱ्यांची तब्येत विसरून चालणार नाही. डेटा सेंटरमध्ये पंख्यांचा आवाज सतत असतो. आठ तासांच्या पाळीत ८५ डेसिबलपेक्षा जास्त आवाज रोज कानावर पडला, तर ऐकू येणे हळूहळू कमी होते. हे नुकसान भरून येत नाही. कानाला संरक्षण देणे हा मालकाचा खर्च आहे, चैन नव्हे. रात्रपाळीमुळे झोप, रक्तदाब, साखर यांवर परिणाम होतो. जनरेटरचा डिझेल धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. चांदिवलीसारख्या वस्तीत, जिथे डेटा सेंटर आणि निवासी इमारती शेजारी-शेजारी आहेत, तिथे धुराड्याची उंची आणि दिशा हा रहिवाशांनी विचारण्याचा रास्त प्रश्न आहे.

आणि दारातला कुरिअरवाला? यंत्रणा तासभर बंद पडली, की पार्सले साचतात. ती त्याच दिवशी पोचवायची घाई मात्र त्याच्या दुचाकीवर येते. संगणकाचा खोळंबा शेवटी रस्त्यावरच्या वेगाने भरून काढला जातो. अपघात विभागात येणाऱ्या काही जखमांची सुरुवात कुठे होते, हे यावरून लक्षात यावे.

गोपनीयतेचाही मुद्दा आहे. कोणाच्या घरी एचआयव्हीची किंवा मानसिक आजाराची औषधे जातात, हे पत्त्यासकट त्या खोलीत साठते. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ती सांभाळण्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. औषधे पाठवणाऱ्या रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी वाहतूकदाराशी करार करताना दराइतकेच हेही विचारावे: तुमची प्रत दुसऱ्या शहरात आहे का? ती शेवटची कधी उघडून पाहिली? संगणक बंद पडले, तर कागदावर काम कसे चालवाल?

घरी काय करावे?

रुग्णांच्या हातात काही साध्या गोष्टी आहेत. रोजची औषधे शेवटच्या गोळीपर्यंत आणू नयेत. आठवड्याभराचा साठा हाताशी असावा. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, फिट्सच्या गोळ्या आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे यांना हे विशेष लागू. पावसाळ्यात आणि दिवाळीच्या आठवड्यात मागणी दोन-तीन दिवस आधी नोंदवावी. थंड ठेवायच्या औषधाचा डबा कुरिअरवाल्यासमोर उघडून बर्फाची पिशवी हाताला गार लागते का, ते पाहावे. ती कोमट असेल, किंवा औषध गोठलेले असेल, तर ते वापरू नये. दुकानदाराला कळवून बदलून घ्यावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची एक कागदी प्रत घरात असावी. मोबाइल बंद असला तरी कोपऱ्यावरच्या केमिस्टला ती वाचता येते.

तीन प्रती, त्यांतली एक वेगळ्या ठिकाणी, हा नियम घरालाही चालतो. आजोबांच्या औषधांची यादी एक फ्रिजच्या दारावर, एक मुलाच्या फोनमध्ये आणि एक पुण्याच्या लेकीकडे असावी.